जाम झालेले नट मेण आणि आचेनं सोडवताना

पहिला बोल्ट मी मोडला. एक मीटरचा पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला, अंगाचा सगळा भार टाकला, आणि नट हलला. निदान मला तसं वाटलं. पाव फेरा अगदी मऊ, लोण्यातून जावा तसा गेला आणि मी मोठ्यानं ओरडलेही, "सुटला!" पुढच्याच क्षणी पाना सैल पडला आणि मी भिंतीवर आदळता आदळता वाचले. पान्याच्या टोकाच्या सॉकेटमध्ये नट होता आणि नटाच्या आत बोल्टचा तुकडा, जसाच्या तसा घट्ट.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. ते फिटर होते, सगळी नोकरी त्यांनी पाने आणि कानशी हातात घेऊनच केली. आता मनगटात जोर नाही. ते एवढंच म्हणाले, "मऊ लागला ना? तो सुटत नव्हता, ताणला जात होता."

हे सगळं चाललं होतं एका व्हाइसवर, म्हणजे काम करताना वस्तू जबड्यांत घट्ट धरायच्या शिकंज्यावर. व्हाइस त्यांचाच. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जड, चार बोल्टांनी लोखंडी स्टँडवर बसवलेला. चार पावसाळे उघड्यावर राहिल्यानं त्याचे चारही नट आणि जबड्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू गंजून एकजीव झाले होते. मला तो खोलून, साफ करून पुन्हा वापरात आणायचा होता. नटांवर तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, गंज सोडवायचं तेल मारलं होतं. त्यामुळे पाइप लावताना मनात धाकधूक नव्हती.

नंतर हिशोब केला तेव्हा कळलं की मी काय केलं होतं. पाइपच्या टोकाला चाळीस किलोचा भार म्हणजे जवळजवळ ४०० न्यूटन-मीटर (हे पिळाचं माप). १२ मिलिमीटरचा, ८.८ प्रतीचा (हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) बोल्ट साधारण ८०-९० न्यूटन-मीटरला कसतात. म्हणजे कसण्याच्या चौपटीहून जास्त पीळ मी त्याला दिला होता. गंजलेला बोल्ट तर मुळातच बारीक झालेला असतो.

तो मोडका तुकडा मी टाकून दिला नाही. नट क्लॅम्पनं टेबलाला आवळला आणि हॅकसॉनं उभा चिरला, कारण तीन दिवस मारलेलं तेल गेलं कुठे हे मला बघायचं होतं. दोन अर्धुकं झाली. १२ च्या नटात जेमतेम सहा आटे असतात. वरच्या दोन आट्यांत काळपट ओल होती. खालच्या चारांत तेलाचा थेंबही पोचलेला नव्हता. तिथे कोरडी, विटकरी भुकटी इतकी गच्च दाबलेली होती की सुईच्या टोकानं खरवडावी लागली.

तेल आत जाणार तरी कसं? लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. गंजाच्या प्रकारानुसार ही वाढ दुपटीपासून सहापटीपर्यंत जाते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये मुळात केसाएवढी फट असते. तेवढ्यात हा फुगलेला माल कोंबला गेला की फट उरतच नाही आणि तेलाला शिरायला वाट राहत नाही. म्हणून आधी वाट उघडायची आणि मग आत काहीतरी सोडायचं. बाबांनी मेण आणि गॅसच्या ज्योतीचा टॉर्च काढायला सांगितलं ते यासाठी.

मेण म्हणजे साधी पांढरी मेणबत्ती. बाबा म्हणाले, त्यांच्या वर्कशॉपमध्ये काही जण मधमाशीच्या मेणाचा गोळा खिशात ठेवायचे. दोन्ही चालतं. मेणबत्तीचं मेण प्रकारानुसार पन्नास ते सत्तर अंशांच्या दरम्यान वितळतं, मधमाशीचं ६२ ते ६४ अंशांना. महत्त्वाचं हे की शंभर-दीडशे अंशांना वितळलेलं मेण अगदी पातळ होतं, पाण्यापेक्षा जरासंच जाड, आणि लगेच उडूनही जात नाही. तेलाच्या फवाऱ्यातली पातळ द्रव्यं तापलेल्या लोखंडावर पडली की क्षणात उडतात, नाहीतर पेट घेतात.

आधी तयारी. व्हाइस उघड्या जागी ओढला. तीन दिवसांचं सगळं तेल चिंधीनं पुसून काढलं आणि त्या चिंध्या लांब नेऊन ठेवल्या. नटाच्या सगळ्या बाजू आणि बोल्टचं वर आलेलं टोक तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासलं, कारण रंगाची पुटं आणि गंजाचे पापुद्रे आचही अडवतात आणि मेणही. शेजारी वाळूची बादली. पाण्याची नाही: पेटलेल्या मेणावर पाणी पडलं तर पाण्याची एकदम वाफ होते आणि जळतं मेण चहूकडे उडतं. चामड्याचे हातमोजे, चष्मा. आणि एक गोष्ट बाबांनी दोनदा विचारली: "ब्रेक साफ करायचा स्प्रे नाही ना मारलास यावर?" नव्हता मारला. क्लोरीन असलेल्या अशा क्लीनरचा अंश तापलेल्या धातूवर किंवा ज्योतीत गेला तर फॉस्जीन हा विषारी वायू होऊ शकतो. तेल पुसायला तो वापरायचा मोह होतो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

एक काम मी मोडलेल्या बोल्टवरून शिकून केलं. नटाच्या वरच्या बाजूवर आणि बोल्टच्या टोकावर मिळून पांढऱ्या मार्करनं एक सरळ रेघ ओढली. नट सुटत असेल तर रेघ तुटते: नटावरचा भाग पुढे जातो, बोल्टवरचा जागीच राहतो. रेघ अखंड राहून सगळीच फिरली तर बोल्ट पिळवटतोय असं समजायचं आणि थांबायचं. पहिल्या नटावर ही रेघ असती तर तो पाव फेरा मला फसवू शकला नसता.

मग दुसरा नट.

टॉर्चच्या ज्योतीत आतला निळा सुळका असतो. त्याच्या टोकाच्या जरा पुढे सगळ्यात जास्त उष्णता असते. तो भाग नटाच्या एका बाजूवर धरायचा, सहाही बाजूंवरून फिरवत राहायचा, आणि बोल्टच्या टोकावर शक्यतो जाऊ द्यायचा नाही. तापवायचा असतो नट. ज्योत टेकताच थंड लोखंडावर दव पडल्यासारखा ओलावा आला. मला वाटलं आतलं पाणी बाहेर येतंय. बाबांनी सांगितलं, गॅस जळताना पाण्याची वाफ होतेच, ती थंड धातूवर जमते. काही सेकंदांत तो ओलावा ज्योतीपासून दूर सरकत सरकत नाहीसा झाला.

अर्ध्या मिनिटानं ज्योत बाजूला केली आणि मेणबत्तीचं टोक नट-बोल्टच्या सांध्यावर टेकवलं. पाटीवर खडू ओढावा तशी पांढरी रेघ उमटली. वितळलं नाही. पुन्हा आच. या वेळी मेण वितळलं, पण वितळून तिथेच गोळा होऊन बसलं आणि बघता बघता पुन्हा पांढरं झालं.

"अजून नाही," बाबा म्हणाले. "नटानं प्यायलं पाहिजे."

तिसऱ्यांदा जवळजवळ मिनिटभर तापवलं. ज्योत पूर्ण बाजूला नेली आणि मेणबत्ती टेकवली. थेंब पडला, चकाकला, सांध्याभोवती अंगठीसारखा गोल पसरला आणि दिसेनासा झाला. डोळ्यांदेखत. पुन्हा मेण लावलं, पुन्हा गेलं. तीन-चार वेळा. पाऊण इंच मेणबत्ती संपली तेव्हा खाली वॉशरच्या कडेला एक तपकिरी थेंब फुगला आणि स्टँडवर टपकला. तो थेंब बघून बाबा खुर्चीतून पुढे वाकले. वरून घातलेलं पांढरं मेण सहाही आट्यांतून गंज धुवत खाली उतरलं होतं. तेलाला तीन दिवसांत जे जमलं नाही ते पाच मिनिटांत झालं.

आत नेमकं काय होतं ते आकड्यांत फार छोटं आहे. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या लाखात साधारण १.२ भाग इतकं वाढतं. नट बोल्टपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापला तर १२ मिलिमीटरचं त्याचं भोक सुमारे ०.०१४ मिलिमीटरनं मोठं होतं. माणसाचा केस याच्या चार-पाच पट जाड असतो. पण गंजाची भुकटी ठिसूळ असते, ती पोलादासोबत ताणली जात नाही. एवढ्याशा हालचालीनंही तिला तडे जातात, आणि पातळ मेणाला ते तडे पुरतात. शिवाय फटीतली हवा तापून बाहेर पडलेली असते; नट निवू लागला की ती आक्रसते आणि मेण आत ओढलं जातं. म्हणूनच ज्योत काढल्यानंतरची दोन मिनिटं मोलाची.

मेणबत्ती इथे थर्मामीटरचंही काम करते, आणि मला ही पद्धत आवडण्याचं खरं कारण हेच. वितळत नाही म्हणजे साठच्या खाली. गोळा होऊन गोठतं म्हणजे वरवर तापलंय, खोलवर नाही. सरसर आत जातं म्हणजे बरोबर. पांढरा दाट धूर सुटला की फार तापलं. दोनशे अंशांच्या आसपास मेणाच्या वाफा पेट घेण्याजोग्या होतात, तेव्हा थांबायचं, निवू द्यायचं. मेण आणि ज्योत एका वेळी नटाजवळ कधीच नाहीत.

फिरवायची वेळ आली तेव्हा बाबांनी बारा कोनांचं सॉकेट माझ्या हातातून काढून घेतलं आणि सहा कोनांचं दिलं. बारा कोनांचं सॉकेट नटाच्या अगदी कोपऱ्यापाशी पकडतं, गंजून झिजलेला कोपरा त्यानं लगेच गोल होतो. सहा कोनांचं सॉकेट बाजूंवर जोर देतं. खालून दुसऱ्या पान्यानं बोल्टचं डोकं धरलं. नटावर हातोडीचे दोन-तीन बसके ठोके दिले. मग, माझ्या मनाविरुद्ध, आधी कसायच्या दिशेनं एक हिसका.

"आधी घट्ट?"

"अगं, जागचा हलू तर दे. कुठल्या का दिशेनं असेना."

घट्ट करायच्या दिशेनं काहीच हललं नाही. उलट्या दिशेला हळूहळू जोर वाढवत गेले, पाइप न लावता, नुसत्या दांड्यानं. आणि "कट्ट!" असा कोरडा आवाज झाला. कांडी मोडल्यासारखा. हाताला आधी भीतीच वाटली, पण रेघ बघितली: नटावरचा भाग दोन मिलिमीटर पुढे गेला होता, बोल्टवरचा जागीच. ताणला जाणारा बोल्ट हाताला स्प्रिंगसारखा लागतो, जोर काढला की दांडा थोडा मागे येतो. सुटलेला नट मागे येत नाही. एकदा दोन्ही हातांनी अनुभवलं की हा फरक पुन्हा विसरायला होत नाही.

तिथून घाई केली नाही. अष्टमांश फेरा पुढे, अर्धा तेवढा मागे. जड लागलं की पुन्हा जराशी आच, पुन्हा मेण. आट्यांतून ओल्या मातीसारखा तपकिरी लगदा बाहेर येत राहिला आणि मी तो चिंधीनं पुसत राहिले. शेवटचे दोन फेरे बोटांनी फिरले. सगळं मिळून पंचवीस मिनिटं.

तिसऱ्या नटानं मेण छान प्यायलं, खाली थेंबही आला, आणि नेमकं तेव्हा मला दुसऱ्या कामाला उठावं लागलं. तासाभरानं परत येऊन पाना लावला तर नट दगड. आतलं मेण गोठलं होतं. थंड मेण बऱ्यापैकी चिवट असतं. मेण वितळेल इतपतच, म्हणजे हात टेकवता येणार नाही एवढं, पुन्हा गरम केलं आणि नट एका झटक्यात सुटला. तेव्हापासून मी नट गरम असतानाच फिरवते.

यात मेणाचा वाटा किती आणि आचेचा किती, यावर बाबा आणि मी बराच वेळ बोललो. माझं मत असं की फट उघडायचं मोठं काम आचच करते. पण नुसत्या आचेनं सुटलेला नट अर्ध्या फेऱ्यात पुन्हा आवळतो, कारण सैल झालेली भुकटी आट्यांतच फिरत राहते आणि कोरडी घासते. मेण ती भुकटी भिजवून बाहेर आणतं. दुसरं म्हणजे, आडव्या किंवा उलट्या बसलेल्या बोल्टवरून तेल ओघळून जातं. मेण निवताच जागेवर धरतं.

चौथा नट बाकीच्यांहून वेगळा होता, करड्या झाकेचा, जस्त चढवलेला. कधीतरी नंतर बदललेला असावा. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि खूप तापवलं तर त्याचा पांढरा धूर निघतो. तो धूर श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर लोकांना हे चांगलं ठाऊक असतं. पिवळट-सोनेरी झाक असलेल्या जुन्या नट-बोल्टवर कॅडमियमही असू शकतं आणि त्याचा धूर त्याहून कितीतरी घातक, म्हणून अशांना मी आच लावतच नाही. इथे जस्तच होतं, आणि मेणापुरती आच जस्त वितळण्याच्या खूप खाली राहते, त्यामुळे काम करता आलं. मात्र याचे कोपरे आधीच कुणीतरी पाना घसरवून गोल केले होते. बाबांनी उपाय सांगितला: नट थंड असतानाच कानशीनं सहाही बाजू घासून १९ चा नट (हे माप समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं, मिलिमीटरमध्ये) १८ वर आणायचा. हे काम आचेआधी करायचं. अर्धा तास लागला, पण १८ चं सॉकेट हातोडीनं ठोकून बसवलं तेव्हा ते जराही डुलत नव्हतं. मेण प्यायला याला दोन खेपा लागल्या. सुटला.

नट निघाले तरी बोल्टचे दांडे बिडाच्या भोकांत रुतलेलेच होते. इथे मी फार सावकाश गेले. बीड ठिसूळ, एका जागी एकदम तापवलं किंवा तापल्यावर पाणी मारलं तर तडकतं. ज्योत लांब धरून भोकाभोवतीचा सगळा भाग फिरत्या आचेनं हळूहळू तापवला, कडेनं मेण सोडलं आणि पंच लावून खाली ठोकले. नट वरच्या टोकाला बरोबरीत आणून मग ठोकायचं, म्हणजे आटे चेपत नाहीत. हे पुन्हा वापरण्यासाठी नव्हे, दांडा भोकातून नीट निघावा म्हणून.

पुन्हा वापरायचे नाहीतच, हे आधीच ठरलेलं होतं. ८.८ प्रतीचा बोल्ट कारखान्यात कडक करून पुन्हा ४२५ अंशांच्या वर तापवून चिवट केलेला असतो. मेणापुरत्या आचेनं त्याचं काही बिघडत नाही. पण घासलेलं पोलाद तापताना रंग दाखवतं: सुमारे २२० ला फिकट पिवळा, तीनशेच्या आसपास निळा, आणि लाल दिसलं की त्याची मूळ ताकद गेली म्हणून समजायचं. असा बोल्ट चाकाला, ब्रेकला, वजन पेलणाऱ्या कुठल्याही जागी परत जाता कामा नये. अॅल्युमिनियम तर असा रंगही दाखवत नाही. ६६० अंशांना सरळ कोसळतं. आणि शॉक अॅब्सॉर्बर, गॅसचे दांडे, इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, सीलबंद बेअरिंग यांच्या आसपास टॉर्च न्यायचाच नाही. बंद पोकळी तापली की फुटते. स्टेनलेसचे नट-बोल्ट एकमेकांत चिकटतात तो प्रकारही निराळा: तिथे गंज नसतो, धातूवर धातू ओरखडून जोडला गेलेला असतो. मेण त्याला काही करू शकत नाही, कापावाच लागतो.

जबड्यांच्या पट्ट्यांचे दोन स्क्रू राहिले होते, चपट्या डोक्याचे, सरळ खाचेचे. इथे ज्योत नको म्हणून ६० वॉटचा सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या खाचेत दाबून धरला. इथला हिशोब उलटा: तापतो स्क्रू, तो फुगून गंज चिरडतो आणि निवताना आक्रसून फट सोडतो. दहा मिनिटं तापवून मेण लावलं, थोडं निवू दिलं, इम्पॅक्ट ड्रायव्हरवर (ठोका बसला की स्क्रूला पीळ देणारा स्क्रू-ड्रायव्हर) हातोडीचा एक ठोका, आणि पहिला स्क्रू फिरला. दुसऱ्याची खाच तिसऱ्या ठोक्याला उडाली.

माझा चेहरा बघून बाबा म्हणाले, "डोकं उडव. खाली दांडा तर आहेच."

८ चा ड्रिल लावून डोक्याच्या मधोमध भोक पाडत गेले. डोकं ड्रिलच्या पात्याभोवती अंगठीसारखं फिरलं आणि पट्टी हातात आली. मागे पट्टीच्या जाडीएवढा दांडा बाहेर उभा होता. आता त्याच्यावर डोक्याचा ताणही नव्हता. बुडाशी आच, मेण, व्हाइसग्रिपची, म्हणजे आवळून लॉक होणाऱ्या पक्कडीची, पकड, आणि तो जवळजवळ न कुरकुरता बाहेर आला.

बिडातले आटे टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून साफ केले. नवीन बोल्ट घातले, घालण्याआधी आट्यांवर मेणबत्ती घासली, आणि कसताना हात जरा आखडता ठेवला, कारण वंगण लागलेल्या आट्यांवर तेवढ्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो.

व्हाइस स्टँडवर बसला तेव्हा त्याच्या जबड्यांत पहिलं काम मी तिसऱ्या नटाचं धरलं. जुन्याच बोल्टवर तो परत फिरवून ठेवला होता. तसाच उभा चिरला आणि पहिल्या नटाचं अर्धुक शेजारी ठेवलं. सहाही आट्यांत करड्या-तपकिरी मेणाची पातळ झिलई होती. फक्त एका बाजूला, दोन आट्यांएवढ्या पट्ट्यात, कोरडी विटकरी भुकटी तशीच होती. नटाची ती बाजू व्हाइसच्या अंगाला लागून होती. तिथे मला टॉर्च नीट नेता आला नव्हता.